तिसऱ्या पिस्टनचा ठोका

त्या वर्षी ऊन लवकर आलं. एरवी टेकडीपलीकडच्या मळ्यांत द्राक्षांना रंग चढायला अजून पंधरा दिवस लागले असते. पण तीन आठवडे वारा असा पडला, की झाडांची पानं चित्रातल्यासारखी जागच्या जागी राहिली आणि घड आतल्या आत उकडून पिकायला लागले. बागेच्या मुकादमाने निरोप धाडला, तोडणी सोमवारपासून. निरोप आला तो गुरुवारी, आणि त्याच दिवशी गाडीच्या इंजिनात ठोका यायला लागला.

गाडी मिस्त्रीच्या सुनेची होती. म्हणजे घेतली होती मुलाने, कागदावर नावही त्याचंच. पण मुलगा जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता आणि वर्षातून एकदा महिनाभर घरी यायचा. उरलेले अकरा महिने गाडी सून चालवायची. लांबुळकी, मागे दार असलेली, सुनेच्या जन्माच्याही आधी रस्त्यावर आलेली गाडी. मागच्या सीटा काढून तिथे समोरासमोर दोन बाकं बसवली होती. तोडणीच्या दिवसांत पहाटे आठ बायका त्या बाकांवर दाटीवाटीने बसायच्या, टेकडी ओलांडून बागेत जायच्या आणि संध्याकाळी बोटांवर काळपट चिकट डाग घेऊन परतायच्या. अडीच महिन्यांचं काम. त्या अडीच महिन्यांवर घराचं वर्ष निघायचं. इतर दिवसांत एखादा आजारी, एखाद्या लग्नाची माणसं, बस्स.

गुरुवारी दुपारी ती रिकामी गाडी घेऊन बागेपर्यंत जाऊन आली, रस्ता कुठे खचलाय का ते बघायला. परत येऊन तिने गाडी शेडमध्ये घातली आणि इंजिन बंद न करता तशीच बसून राहिली.

"बाबा, ऐकता का जरा?"

तिचा सासरा शेडच्या कोपऱ्यात एका पाण्याच्या मोटारीशी झटापट करत होता. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणायचं. रागावली की त्याची बायकोसुद्धा. वय सत्तरीच्या पुढे, खांदे अजून रुंद, पण पँटचा पट्टा दरवर्षी एक भोक आत येत होता. तो हात पुसत आला.

"काय?"

"काहीतरी ठोकतंय."

"कधीपासून?"

"जाताना नव्हतं. म्हणजे असेलही, धुळीसाठी काच वर केली होती. येताना कळलं."

"चढावर वाढतं?"

"नाही. चढावर, उतारावर, सारखंच."

"सारखं कसं असेल? भार पडला की वाढणार. नीट ऐकलं नसशील."

तिने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, आणि शेडच्या पत्र्यावरची उन्हाची तडतड ऐकू यायला लागली.

मिस्त्रीचा उजवा कान तरुणपणीच गेला होता, पत्रा ठोकायच्या कारखान्यात. डावा वयाबरोबर हळूहळू मागे सरकला. पण त्याच्या कामाला कानाची गरज कधी पडलीच नाही. त्याच्याकडे हातभर लांबीची एक लाकडी काठी होती, कुठल्याशा जुन्या फावड्याच्या दांड्यातून कापून, घासून केलेली. काठीचं एक टोक तो चालू इंजिनावर टेकवायचा आणि दुसरं दातांत धरायचा. मग डोळे मिटायचा. आवाज लाकडातून दातांत, दातांतून जबड्यात, जबड्यातून थेट कवटीत जायचा. लांबलांबचे लोक गाड्या घेऊन यायचे. "मिस्त्री इंजिन चावतो आणि चव बघून सांगतो," असं म्हणायचे. सांगितलेलं चुकलंय असं कुणाला आठवत नव्हतं. त्यालाही.

शुक्रवारी सकाळी इंजिन थंड असताना त्याने ऐकायला सुरुवात केली. बोनेट उघडलं. सून आत बसली.

"मार सेल्फ."

इंजिन सुरू झालं. त्याने काठी इंजिनाच्या माथ्यावर ठेवली, दातांत धरली आणि डोळे मिटले.

डोळे मिटले की तो आत जायचा. त्याला आत नेहमी एक घर दिसायचं, कुठलं ते त्याला माहीत नव्हतं. लांब, अंधारं, उबदार घर, आणि त्यात प्रत्येकजण आपापल्या कामात. वरच्या माळ्यावर आठ पोरी हलक्या पावलांनी सारख्या ये-जा करायच्या, ते व्हॉल्व्ह. खाली चार गडी आळीपाळीने बसायचे-उठायचे. आणि सगळ्यांच्या खाली, तळघरात, तेलात पाय बुडवून कुणीतरी एकटाच गोल गोल फिरत असायचा. कुणी लंगडत असेल तर मिस्त्रीला पावलावरून कळायचं. आज त्या घरात शिरताना त्याला वाटलं, घराला मधे कुठेतरी एक दार जास्त झालंय. सगळं जरा लांब गेलं होतं. गरमी असेल, तो मनात म्हणाला.

आणि मग ठोका आला. टक-टक. एक मोठा आणि त्याला चिकटून एक बारका. टक-टक. टक-टक. काठी सरकवत तो पुढून मागे गेला. तिसऱ्या सिलिंडरच्या जवळपास तो सर्वात ठळक होता.

त्याने काठी काढली. ओठांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, त्या त्याने बाहीने पुसल्या.

"दुहेरी ठोका आहे. तिसऱ्या पिस्टनची पिन गेली. पिस्टन आणि दांडा जोडणारी. ढिली झाली की वर जाताना एक वाजवते, खाली येताना एक."

"मला एकच येतो ऐकू," सून खिडकीतून म्हणाली.

"कानाने एकच येणार. दाताने दोन येतात."

ती उतरली आणि पुढे येऊन इंजिनाकडे बघत राहिली.

"मग आता?"

"खोलावं लागणार. वरून हेड, खालून तेलाची टाकी. पिस्टन बाहेर काढायचा. पिन मिळते का बघायचं, या गाडीचं आता काही सरळ मिळत नाही. सांगून मागवावी लागेल."

"किती दिवस?"

"तीन आठवडे धर."

सून शेडच्या उंबऱ्यावर बसली. बाहेर रस्त्यावरची धूळ इतकी निश्चल होती, की सकाळी गेलेल्या सायकलच्या चाकाची रेघ अजून तशीच होती.

"नाही खोललं तर? असंच चालवलं तर?"

"चढावर पिन तुटेल. दांडा इंजिन फोडून बाहेर येईल. गाडीत आठ बायका असतील." त्याने बोनेट खाली ओढलं. "मी नाही चालवू देणार."

संध्याकाळी मुकादम मोटारसायकलवरून आला. उतरला नाही; एक पाय जमिनीवर टेकवून बोलत राहिला. जाडा, सौम्य माणूस. त्याच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा डाग पसरला होता.

"ऐकलं ते खरं का, मिस्त्री?"

"तिसऱ्याची पिन."

"अरेरे. तुमच्याच शेडमध्ये?" त्याने सुनेकडे बघितलं. "मला सोमवारी आठ बायका बागेत हव्यात, बाई. माल झाडावर थांबत नाहीये. पलीकडच्या वस्तीचा टेम्पोवाला रोज विचारतो. एकदा त्याला लावला की हंगामभर तोच. मधेच काढता यायचा नाही मला, तो ऐकणार नाही."

"रविवारपर्यंत थांबा," सून म्हणाली.

"रविवारपर्यंत काय होणार? मिस्त्रीच म्हणतायत."

"थांबा तरी."

मुकादमाने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री एका स्पॅनरचा अंक वाचण्यात गुंतल्यासारखा दिसत होता.

"बरं. रविवारी चारपर्यंत. तुमच्या शब्दावर." मोटारसायकल निघून गेली. धूळ उठली आणि बराच वेळ तिथेच, माणसाच्या उंचीएवढी, उभी राहिली.

घरातून सासू म्हणाली, "तो म्हणाला तुमच्या शब्दावर. कुणाच्या, ते नाही म्हणाला."

शनिवारी सून सगळ्यांच्या आधी उठली. उजाडत होतं. आकाश दुधात पाणी मिसळल्यासारखं, आणि कुठेही कसलाच आवाज नव्हता. तिने शेडचं दार उघडलं. काठी बोनेटवर आडवी ठेवलेली होती. तिने बराच वेळ तिला हात लावला नाही. पाच वर्षं ती या घरात होती. त्या काठीला मिस्त्रीशिवाय कुणी हात लावल्याचं तिने पाहिलं नव्हतं. नवराही लावत नसे.

मग तिने इंजिन सुरू केलं, खाली उतरली, काठी उचलली आणि बोनेट वर केलं. दातांत धरायच्या टोकाला लाकूड काळं, गुळगुळीत झालं होतं, आणि त्यावर खोल खळगे होते, एकावर एक, किती वर्षांचे कोण जाणे. काठी तिने उलटी केली. दुसऱ्या टोकाला तेलाचे डाग होते. तरी तेच तिने रुमालाने पुसून तोंडात धरलं. सासऱ्याच्या दातांच्या जागी दात ठेवणं तिला जमलं नसतं.

काळं टोक इंजिनावर टेकवताच आवाज एकदम डोक्यात शिरला. तिला वाटलं, आपण नदीत डोकं बुडवलंय. आजूबाजूचं सगळं गेलं. शेड नाही, सोमवार नाही. फक्त मोठं, गोल फिरणारं काहीतरी, आणि त्यात ठोका. टक. टक. टक. ती थांबली, मोजत राहिली, काठी इकडून तिकडे फिरवली.

दोन कुठेच नव्हते. एकच होता.

तिने इंजिन बंद केलं आणि काठी होती तशी ठेवायला गेली. तेव्हा तिला कळेना, ती नक्की कशी ठेवलेली होती. ठेवता ठेवता तिची नजर पुन्हा त्या खळग्यांवर गेली. खोल खळग्यांच्या वर कालची खूण होती. उथळ, सरळ, एका ओळीत. पट्टीने आखल्यासारखी.

मिस्त्रीला गेल्या वर्षाअखेर कवळी बसवली होती. वरची आणि खालची, दोन्ही. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. जेवताना तो मान खाली घालून जेवायचा आणि घाईने बोलला की शब्दांच्या मागून एक बारकी टकटक यायची. घरात कुणी ती ऐकल्याचं दाखवत नसे.

ती स्वयंपाकघरात आली. सासू बटाटे सोलत होती. सून समोर बसली, तिनेही एक बटाटा घेतला आणि सोलायला लागली.

"आई."

"हं."

"बाबांनी ही कवळी बसवल्यापासून काठीने कुठली गाडी ऐकली का?"

"कुठली ऐकणार? गाड्या येतात कुठे आता? त्या हमरस्त्यावरच्या पोराकडे जातात, कॉम्प्युटर लावायला. आपल्या गाडीला कॉम्प्युटर लावायला भोकच नाही म्हणून ती आपली घरी राहिली." सासूने साल टोपलीत टाकलं. "का?"

सून बटाट्याचा डोळा कोरत राहिली. "ठोका एक आहे. दुसरा…" ती थांबली. "दुसरा कवळीचा असेल. वरची खालचीवर आपटत असेल. काठी हलते ना."

सासूने चाकू खाली ठेवला.

"मग सांग की त्यांना."

"मी कशी सांगू?"

"तोंड आहे ना?"

"आई, माझ्याने नाही होणार. त्यांच्या दातांबद्दल मी… तुम्ही सांगा."

"म्हणजे शिव्या मी खायच्या," सासू म्हणाली, पण ती उठली होती.

शेडमध्ये मिस्त्री गाडीखाली आडवा होता. रेडिएटरमधलं पाणी त्याने आधीच सोडून दिलं होतं. आता तेल काढत होता. काळं तेल एका टबात बारीक धारेने, न तुटता उतरत होतं. सासू त्याच्या पायांशी उभी राहिली. बाहेर आलेले फक्त पाय दिसत होते, चपला निघालेल्या, टाचांना भेगा.

"अहो."

"काय आहे?"

"हा माझा कपड्यांचा टब आहे."

"धुऊन देईन."

"आणि ठोका एकच आहे. दुसरा तुमची कवळी वाजते त्याचा आहे. सून म्हणते."

पाय हलले नाहीत. तेल संपत आलं, धार थेंबांवर आली. टप. टप. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला वाटलं, आत्ता जर जमिनीत एखादी पायरी असती, तर आपण उतरून गेलो असतो.

मिस्त्री सरकत बाहेर आला, उठून बसला, चपला शोधून घातल्या. कुणाकडेही न बघता तो अंगण ओलांडून पलीकडच्या मोठ्या झाडाखालच्या खाटेवर जाऊन पडला. तोंड बुंध्याकडे करून.

"झालं," सासू म्हणाली. "आता जेवायला नाही येणार."

नाही आला. दुपार डोक्यावर चढली. झाडाची सावली लहान होत होत खाटेएवढीच उरली. त्याला झोप लागली की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो त्या लांब अंधाऱ्या घरात होता. माळ्यावर पोरी ये-जा करत होत्या, चार गडी बसत-उठत होते, सगळे आपापल्या कामात, आणि कुणीही लंगडत नव्हतं. तो एकेका दारातून डोकावत गेला. "कोण ठोकतंय?" त्याने विचारलं. त्या लोकांनी वर बघितलं, हसले नाहीत, रागावले नाहीत. त्यांच्या बघण्यावरून त्याला कळलं, की ठोकत आपणच आलोय. दार आपणच वाजवतोय. पण मग बाहेर, भिंतीच्या पलीकडून, आणखी कुणीतरी वाजवत होतं. हळू, ठरावीक. त्याच्यापेक्षा निम्म्या चालीने.

ऊन कलल्यावर तो उठला. हौदावर तोंड धुतलं. शेडमध्ये आला तेव्हा सून बाकावर बसून होती, गाडीच्या चाव्या मुठीत.

"तेल भर परत," तो म्हणाला. "कापडातून गाळून भर. पाणीही."

तिने भरलं. तो पाठमोरा उभा राहून औजारांच्या फळीकडे बघत होता. तेल भरायला बराच वेळ लागला. भरून झाल्यावर तो म्हणाला, "आत बस. आणि समोर बघ. मी सांगेपर्यंत इकडे वळू नकोस."

ती आत बसली आणि समोरच्या काचेतून उघड्या बोनेटच्या पत्र्याकडे बघत राहिली. बोनेट आणि गाडीच्या मधल्या फटीतून तिला त्याचे फक्त हात दिसत होते. हातांनी खिशातून रुमाल काढला. वर गेले. खाली आले तेव्हा रुमालात काहीतरी होतं. हातांनी तो रुमाल चार घड्या घालून बॅटरीच्या बाजूला ठेवला, अगदी हळू, अंडं ठेवावं तसा.

"मार सेल्फ."

आवाज बदलला होता. शब्द मऊ, कडा झिजलेले. तिने सेल्फ मारला.

हिरड्यांत त्याने काठी धरून पाहिली, पण आवाज चिखलात रुतल्यासारखा आला. मग त्याने काठीचं टोक डाव्या कानामागच्या हाडाला लावलं आणि डोकं त्यावर टेकवलं. भिंतीला कान लावून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. बराच वेळ तसाच राहिला.

"एक," तो म्हणाला.

तिने मान हलवली नाही.

त्याने प्लगच्या वायरी एकेक काढून बघितल्या. पहिली काढली, इंजिन अडखळलं, ठोका तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढताना तो जरा थांबला. ठोका तसाच होता. चौथीलाही तोच. कुठल्याही पिस्टनवरचा भार काढला तरी त्या ठोक्याला त्याचं काही नव्हतं.

"परवा काय म्हणालीस तू? चढावर?"

"सारखाच येतो म्हटलं. चढावर, उतारावर."

"हं."

आता तो काठी इंजिनाच्या बाजूने खाली खाली नेत होता. वाकताना त्याचे गुडघे वाजले. इंजिनाच्या बगलेत, पुढच्या चाकाच्या बाजूला, जिथे पेट्रोल ओढून घेणारा पंप दोन नटांवर बसवलेला असतो, तिथे काठी टेकली, आणि त्याचं डोकं झटक्याने मागे आलं. पुन्हा टेकलं.

"बंद कर."

त्याने पंपाचे दोन नट सोडले, नळी काढली आणि पंप बाहेर घेतला. पंपाला जिभेसारखी एक लोखंडी पट्टी होती. ती इंजिनाच्या आत शिरते, आणि इंजिनाच्या निम्म्या चालीने फिरणारा आतला दांडा तिला ढकलतो. त्यावर पंप चालतो. पट्टी धरून त्याने बोटांनी हलवली. ती दातासारखी हलली. ज्या पिनवर ती डुलायची, ती पिन एका बाजूने निम्मी झिजली होती. पिस्टनची नव्हे, पंपाची, खिळ्याएवढी.

पण एवढ्यावर त्याचा विश्वास बसेना. दोन दिवसांपूर्वी बसला असता. इंजिनाच्या बगलेतल्या भोकावर त्याने पत्र्याचा तुकडा आणि पुठ्ठा लावून नट आवळले.

"मार. कार्बोरेटरच्या वाटीत असेल नसेल तेवढ्या पेट्रोलवर चालेल. मिनिटभर. तेवढ्यात ऐकायचं."

इंजिन सुरू झालं. त्याने काठी कानामागे लावली.

सून वळायचं नाही हे विसरली. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. इंजिन चालत होतं आणि त्यात काहीही ठोकत नव्हतं. मऊ, भरलेला, एकसंध आवाज. कुणीतरी झोपेत श्वास घेत असावं तसा. संध्याकाळचं ऊन शेडच्या दारातून आडवं येऊन तेलाच्या टबात पडलं होतं आणि छतावर सोनेरी डाग थरथरत होते. मिस्त्री डोळे मिटून उभा होता. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाकडे उचललेली, वय एकदम दहा वर्षांनी पुढे गेलेलं. आणि तरी चेहरा एखाद्या लहान मुलासारखा, ज्याला कुणीतरी गोष्ट सांगतंय. तिला वाटलं, हे पेट्रोल संपू नये. वाटीतलं, एवढंसं. मग इंजिनाने एक आचका दिला, दुसरा, आणि ते थांबलं.

त्याने डोळे उघडले. ती बघतेय हे त्याला दिसलं. त्याने तोंडावर हात नेला, अर्ध्यातच थांबवला आणि खाली घेतला.

"पंप," तो म्हणाला.

त्या शब्दाला दात लागत नाहीत. तो ओठांनीच होतो. तो अगदी स्वच्छ ऐकू आला.

"पिन मिळेल?" तिने विचारलं.

"करू."

रविवारी सकाळी त्याने ती केली. भंगारातून एक जुना व्हॉल्व्ह काढला, कारण त्याच्या दांड्याचं पोलाद चिवट असतं, आणि सुनेला तो वाइसच्या लोखंडी जबड्यात पकडायला लावला. करवतीने कापताना तीन ब्लेड तुटली. मग कानस. दर दहा घासांनी तो पिन उचलून पंपाच्या भोकात घालून बघायचा. जात नसे. पुन्हा दहा. लोखंडाचा कीस त्याच्या मनगटावरच्या घामात चिकटून चमकत होता. सासू चहा घेऊन आली, बशीत पाव. तो पाव चहात बुडवून खात होता, तोंड न लपवता, आणि सासू बघत होती.

"घरातसुद्धा काढून ठेवत जा," ती म्हणाली. "कुणाचा मुलाहिजा आहे इथे?"

"टब धुतलाय मी."

"बघितलाय. तेलकट आहे."

बाराच्या सुमाराला पिन बसली. त्याने तिची दोन्ही टोकं हातोडीने हलके ठोकून चपटी केली, पट्टी हलवून बघितली, पंप जागेवर चढवला. सुरू करून ऐकलं. काठीने एकदा, काठी बाजूला ठेवून एकदा. दुसऱ्यांदा त्याला फक्त एक लांबची घरघर ऐकू आली, जशी हल्ली त्याला सगळ्याच इंजिनांतून ऐकू यायची. त्यात ठोका नव्हता. की होता आणि आपल्यापर्यंत पोचत नव्हता? त्याने हे कुणाला विचारलं नाही. सून सायकल काढून मुकादमाच्या घरी गेली. अडीच वाजता परत आली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मिस्त्री म्हणतायत का गाडी ठीक आहे? मी हो म्हटलं."

मिस्त्रीने कानस फळीवर लावली. मग म्हणाला, "उद्या मी येतो गाडीत. चढापर्यंत."

सोमवारी पहाटे बायका जमल्या. डोक्याला रुमाल, हातात डबे, कमरेला कात्र्या. त्यांच्यात सगळ्यात मोठी होती तिला घड्याळ म्हणायचे, कारण ती कधी एक मिनिट उशिरा आली नव्हती आणि दुसऱ्याला येऊ देत नव्हती. मिस्त्रीला पुढच्या सीटवर बसलेला बघून ती थबकली.

"आज मिस्त्री तोडणीला? द्राक्षं चावून बघणार का?"

"दात घरी ठेवलेत," मिस्त्री म्हणाला.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं, आणि पाठोपाठ आठही जणी. सून हसली नाही. तिने गिअर टाकला.

सपाट रस्त्यावर गाडी चांगली चालली. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. दोन्ही बाजूंची शेतं धुरकट निळी, आणि कुठे एखादं एकटं झाड असं उभं, की ते आपल्याबरोबर चालतंय असं वाटावं. मागे बायका जांभया देत होत्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकत होत्या. मग रस्ता वर उचलला गेला. सुनेने गिअर खाली घेतला. इंजिनावर भार आला, आवाज जाड झाला.

मिस्त्रीने काठी आणली नव्हती. तो डावा कान पुढे करून, मान वाकडी करून बसला होता. खडखड, वारा, डब्यांची झाकणं, बायकांचं बोलणं, सगळं एकत्र होऊन त्याच्या कानात एकच राखाडी कापड झालं होतं. त्यात तो शोधत राहिला. त्याला काही सापडेना, आणि सापडत नाही म्हणजे काय, तेही कळेना.

पहिल्या वळणावर घड्याळ पुढे झुकली. तिची एक मुलगी, दोन सुना आणि ती स्वतः, चौघींचं काम या चढावर अवलंबून होतं. आणि ती गाडीत बसली ती मिस्त्रीच्या नावावर, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मिस्त्री, खरं सांगा. येतोय का ठोका?"

मागचं बोलणं थांबलं.

आयुष्यभर या प्रश्नाला त्यानेच उत्तर दिलं होतं. त्याने समोरच्या रस्त्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तिला विचारा."

सुनेने काच पूर्ण खाली केली. थंड हवा आत आली. एक हात स्टिअरिंगवर ठेवून तिने डोकं जरा बाहेर झुकवलं आणि दुसरं वळण, तिसरं वळण, सगळा चढ, एकही शब्द न बोलता ऐकत राहिली. कुणी तिला घाई केली नाही. माथ्यावर आल्यावर रस्ता सपाट झाला, आणि पलीकडे, उतारावर, ओळीने लावलेले मळे उजेडात यायला लागले होते.

"नाही," ती म्हणाली.

मिस्त्रीने मान मागे टेकवली. गाडी उताराला लागायच्या आत त्याला झोप लागली होती.